उजेडाखालचं तांबं

'ट्रॉन: लेगसी' हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो मलाजखंडला, काकाजींच्या क्वार्टरमध्ये. २०११चा मे महिना होता. चुलतभावानं नागपूरहून डिस्क आणली होती. कूलरची घरघर चाललेली, दारं लावून खोलीत अंधार केलेला, आणि पडद्यावर काळ्या आकाशाखाली निळ्या रेषांचं एक शहर. त्या शहरातल्या रस्त्यांना कडा उजेडाच्या, माणसांच्या अंगावरच्या कपड्यांना शिवण उजेडाची, वाहनांच्या मागे उजेडाची भिंत उभी राहत जाते आणि तिच्यावर आपटलेला माणूस काचेसारखा फुटून विखुरतो. काकाजी मागे बाजेवर बसून पाहत होते. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे ते संवाद सोडून फक्त चित्र पाहत होते. अर्धा चित्रपट झाल्यावर त्यांनी विचारलं, "कायच्यावर जळते रे बाबू हे सारं?"

भावानं समजावलं की हे कॉम्प्युटरच्या आतलं जग आहे, तिथं काही जळत नाही. काकाजी म्हणाले, "जळल्याबिगर उजेड पडते का?" आणि पुन्हा पाहू लागले.

काकाजींचं अख्खं आयुष्य प्लांटमध्ये गेलं. मलाजखंडला प्लांट म्हणजे खाणीतला दगड दळून त्यातलं तांबं वेगळं करणारा कारखाना. त्यांचा प्रश्न त्या दुपारी कोणी मनावर घेतला नाही, मीही नाही. नंतरच्या वर्षांत मात्र तो सारखा परत येत राहिला आणि हळूहळू लक्षात आलं की ज्या प्रश्नाला आपल्या तत्त्वज्ञानानं हजार वर्षं धरून ठेवलं आहे, तोच त्यांनी झाडीबोलीत विचारला होता.

आधी एक योगायोग सांगायला हवा. मूळचा 'ट्रॉन' १९८२ सालचा. हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीचा मलाजखंड ताम्र प्रकल्पही १९८२ सालचा. एकीकडे कॅलिफोर्नियात स्टीव्हन लिस्बर्गर नावाचा दिग्दर्शक माणसाला संगणकाच्या आत पाठवत होता, आणि दुसरीकडे बालाघाट जिल्ह्याच्या बैहरच्या जंगलात, मैकल डोंगरांच्या कुशीत, तांब्याच्या एका टेकडीचा खड्डा व्हायला सुरुवात होत होती. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. पण संगणकाच्या आत खरोखर कोणी जाऊ शकलं असतं, तर त्याच्या पायाखाली जे लागलं असतं ते या दुसऱ्या ठिकाणच्या वस्तूसारखंच असतं.

त्या पहिल्या 'ट्रॉन'बद्दल एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. संगणकाच्या आतलं जग दाखवणारा तो चित्रपट बहुतांशी हातानं बनवलेला आहे. संगणकानं पूर्णपणे काढलेली दृश्यं त्यात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची. त्या जगातले बाकीचे प्रसंग काळ्या पडद्यापुढे कृष्णधवल चित्रित केले, मग एकेक चौकट मोठी करून पारदर्शक फिल्मवर घेतली, तिच्यावर झाकणं रंगवली, आणि मागून दिवा लावून पुन्हा कॅमेऱ्यात पकडली. या रंगकामासाठी तैवानमधले सुमारे २०० कारागीर बसले होते. पडद्यावर ज्या रेषा विजेच्या वाटतात, त्यांच्यामागे बोटांचा थकवा आहे. तो उजेड कशावर जळत होता याचं एक उत्तर इथंच मिळतं: माणसांच्या श्रमावर.

दुसरा भाग यायला २८ वर्षं लागली. १७ डिसेंबर २०१०ला 'लेगसी' आला. जोसेफ कोसिन्स्की हा वास्तुशास्त्र शिकलेला दिग्दर्शक, त्याचा हा पहिलाच चित्रपट, आणि ते शिक्षण चौकटीचौकटीत दिसतं. कथा साधी आहे. केव्हिन फ्लिन हा संगणकतज्ज्ञ १९८९ साली अचानक नाहीसा होतो, त्याचा लहानगा मुलगा सॅम पोरका वाढतो, आणि वीस वर्षांनी वडिलांच्या बंद पडलेल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात शिरून त्याच 'ग्रिड' नावाच्या जगात जाऊन पोचतो, जिथं वडील अडकून पडलेले आहेत. तिथं त्यांनीच स्वतःच्या प्रतिमेतून घडवलेला 'क्लू' हा प्रोग्रॅम राज्य करतो आहे. जेफ ब्रिजेस हा एकच नट म्हातारा फ्लिनही झाला आहे आणि संगणकानं तरुण केलेला क्लूही. डाफ्ट पंकचं संगीत चित्रपटभर जमिनीखालच्या यंत्रासारखं धडधडत राहतं. समीक्षकांनी कथेला नावं ठेवली, दृश्यांना दाद दिली. मला मात्र तो आजही मनापासून आवडतो, आणि त्याचं कारण त्याच्या नावात आहे. वारसा. एका पिढीनं घडवलेल्या जगात पुढची पिढी उतरते तेव्हा तिला तिथं काय सापडतं, हा प्रश्न मलाजखंडला जन्मलेल्या किंवा तिथं सुट्ट्या घालवलेल्या कुणालाही परका नाही.

जगाच्या आत जग ही कल्पना आपल्याला नवी नाहीच. योगवासिष्ठात लीलेची कथा आहे. लीला राणीचा नवरा, पद्म राजा, मरतो. सरस्वतीच्या वरामुळे त्याचा जीव महालाच्या मंडपाबाहेर जात नाही. राणी समाधीत शिरते तेव्हा तिला दिसतं की त्या मंडपाच्याच पोकळीत एक अख्खं दुसरं जग आहे, त्याला नगरं आहेत, सैन्यं आहेत आणि तिथं तिचा नवरा पुन्हा राजा होऊन बसला आहे. मग सरस्वती तिला आणखी मागे नेते. पद्म राजाचं आयुष्यही मुळात एका साध्या ब्राह्मणाच्या घराच्या पोकळीत घडलं. त्या ब्राह्मणानं राजाची मिरवणूक पाहिली, मनात राज्याची इच्छा धरली, आणि तो मेला. त्याला मरून झालेत फक्त आठ दिवस. तेवढ्यात आतल्या जगात एक पूर्ण राजआयुष्य जगून झालं. राणी विचारते ते आपणही विचारू: एवढ्याशा घरात एवढं मोठं राज्य मावलं कसं? 'लेगसी'तही बाहेरच्या घड्याळाचे थोडे क्षण आत दीर्घ होतात, आणि वीस वर्षांत वडील युगं काढून म्हातारे झालेले असतात.

मराठीतल्या अद्वैताचा पहिला मोठा ग्रंथ 'विवेकसिंधु'. मुकुंदराजांचा, १२व्या शतकाच्या अखेरचा. अंबाजोगाई त्यांच्यावर हक्क सांगते, आणि इकडे विदर्भात वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. ती वैनगंगा बालाघाटवरूनच खाली येते. या परंपरेनं दिसणाऱ्या जगाला भास म्हटलं हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचं वाक्य मात्र आपण विसरतो. भास कधी अधांतरी होत नाही. दोरीवर साप भासतो, शिंपल्यावर रुपं भासतं, वाळवंटावर पाणी भासतं. भास खोटा असेल, पण त्याच्याखाली काहीतरी खरं अंथरलेलं असावंच लागतं. त्याला शास्त्रात अधिष्ठान म्हणतात. साप पाहून घाबरलेल्या माणसाला शहाणा माणूस एवढंच विचारतो की बाबा, हा साप कशावर दिसतोय ते बघ. 'कायच्यावर जळते हे सारं' हा तोच प्रश्न.

आज आपण डिजिटल जगाबद्दल बोलतो तेव्हा हे अधिष्ठान गाळून टाकतो. माहिती 'क्लाऊड'वर आहे म्हणतो, म्हणजे ढगात. पैसा हवेतून गेला म्हणतो. मुलं म्हणतात, फोटो 'वर' टाकले. सगळे शब्द आकाशाचे आहेत. जमिनीचा एकही नाही. माझी तक्रार नेमकी इथं आहे. ज्या भाषेत वस्तूचं वजन हरवतं, त्या भाषेत वस्तू आणणारी माणसं आणि वस्तू दिलेली जमीनही हरवते.

याच्या उलट, जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या १९८६च्या कादंबरीत विचार करणाऱ्या यंत्राचं रहस्य खोल खोदकामात सापडलेल्या एका पेटीतून बाहेर येतं. मराठी विज्ञानकथेनं यंत्रबुद्धीला असं जमिनीखालून वर आणलं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

तर या अधिष्ठानाकडे नीट पाहू. मलाजखंडचा खडक ग्रॅनाइटचा, आणि त्यातून गारगोटीचे जाड पट्टे गेलेले. भूशास्त्रज्ञ त्याचं वय सुमारे २५० कोटी वर्षं सांगतात. तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, मासा नव्हता, हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. सूक्ष्म जीवांखेरीज कोणी नव्हतं. त्या काळात खोलवरच्या तप्त पाण्यानं खडकाच्या भेगांमध्ये तांबं, लोह आणि गंधक आणून ठेवलं. त्या संयुगाला चाल्कोपायराइट म्हणतात. हातात घेतलं तर पितळेसारखं चमकतं. देशातल्या तांब्याच्या साठ्याचा सर्वांत मोठा वाटा या एका ठिकाणी आहे, आणि टेकडी पोखरून झालेला तो उघडा खड्डा ही भारतातली सर्वांत मोठी उघडी तांब्याची खाण. कडेला उभं राहिलं की पायऱ्या-पायऱ्यांनी खाली जाणारी एक उलटी टेकडी दिसते. तळाला हिरवट पाणी साचलेलं. घराएवढे डंपर वरून काड्यापेटीएवढे दिसतात. आता या खड्ड्याच्याही खाली भुयारी खाण गेली आहे.

एवढं सगळं करून त्या दगडात तांबं किती? शंभर किलोत साधारण एक किलो. उरलेला नव्व्याण्णव किलो दगड पिठासारखा दळावा लागतो, तेव्हा तो एक किलो सुटतो. तो कसा सुटतो हे काकाजी फार प्रेमानं सांगत, आणि मला वाटतं, पडद्यावरच्या कुठल्याही निळ्या शहरापेक्षा हे दृश्य जास्त अद्भुत आहे. दळलेला दगड पाण्यात कालवतात. त्यात चुना घालतात आणि एक-दोन रसायनं अगदी थोडी. त्यांतलं एक रसायन फक्त तांब्याच्या कणांना लागतं आणि त्यांना पाण्याचा तिटकारा आणतं. मग खालून हवा सोडतात. पाणी नकोसं झालेला तांब्याचा कण बुडबुड्याला बिलगतो आणि वर येतो. दगडाचा कण पाण्यात रमतो आणि खाली बसतो. जड धातू तरंगतो, हलका दगड बुडतो. वर जमलेला चकचकीत फेस कडेनं ओघळत राहतो आणि तोच गोळा करायचा. काकाजी फेसाच्या रंगावरून, बुडबुड्यांच्या आकारावरून माल कसा चालला आहे ते ओळखत. "फेस कोरडा दिसला का समजायचं," ते म्हणत. काय समजायचं ते त्यांना शब्दांत सांगता येत नसे. हात मात्र बरोबर झडपेकडे जाई.

या फेसातून मिळालेली काळसर भुकटी पूर्वी खेत्री आणि घाटशिलासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांकडे जात असे. पुढे शुद्ध तांब्याची सळई होते. मुंबईजवळ तळोज्याला याच कंपनीचा सळई बनवणारा कारखाना आहे. सळईची तार होते. आणि तार म्हटलं की माझ्या पिढीच्या मराठी माणसाच्या छातीत अजूनही धस्स होतं. 'तार आली' म्हणजे घरात कोणीतरी गेलं. शब्द तारेतून धावत येत आणि दारात सायकलची घंटी वाजे. २०१३च्या जुलैत ती तारसेवा बंद झाली. आता लांबचा प्रवास काचेच्या तंतूंतून उजेड करतो, हे खरं आहे. पण त्या उजेडाला दोन्ही टोकांना पेटवणारी वीज तांब्यातूनच येते, आणि ज्या प्रचंड इमारतींत आपले 'ढग' ठेवलेले असतात, तिथं तांब्याच्या पट्ट्या मनगटासारख्या जाड असतात.

आणि अगदी आत, चिपमध्ये? तिथं बरीच वर्षं ॲल्युमिनियमच्या तारा होत्या. १९९७ साली आयबीएमनं जाहीर केलं की आता तांबं वापरता येईल. तांबं वीज जास्त सहज वाहून नेतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी इतकी वर्षं ते आत घेता आलं नव्हतं, कारण तांब्याचे अणू सिलिकॉनमध्ये झिरपतात आणि त्याला नासवतात. म्हणून प्रत्येक तांब्याच्या तारेभोवती टँटलमसारख्या धातूचं पातळ अस्तर द्यावं लागतं. तार बसवण्याची रीतही उलटी आहे. आधी चर कोरायचा, त्यात तांबं भरायचं, आणि वरचं जास्तीचं घासून सपाट करायचं. या रीतीला दमास्कस शहराच्या नावावरून नाव पडलं आहे, कारण तिथले कारागीर पोलादात चर कोरून सोन्याची तार ठोकून बसवत. आपल्याकडच्या जुन्या तलवारींच्या मुठींवर अशीच नक्षी दिसते. बोटाच्या नखाएवढ्या चिपमध्ये अशा तारांची लांबी कित्येक किलोमीटर भरते. 'लेगसी'तलं शहर वरून पाहिलं तर ते नेमकं याच्यासारखं दिसतं: काळ्या भुईत कोरलेले चर, आणि त्यांत भरलेलं काहीतरी वाहतं.

काकाजींना मी हे एकदा सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपलाच माल होय तो."

आपला माल. या दोन शब्दांत अभिमान होता आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पण मलाजखंडला 'आपलं' कोणाचं हा प्रश्न सोपा नाही. हा मुलूख बैगा आणि गोंडांचा. व्हेरिअर एल्विननं १९३९ साली बैगांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांची सृष्टीकथा आहे: नवी पृथ्वी डळमळत होती, नंगा बैगानं चार कोपऱ्यांत खिळे ठोकून ती स्थिर केली. आणि त्यात हेही आहे की बैगा नांगर धरत नसत, कारण नांगरणं म्हणजे धरित्री मायच्या छातीवर ओरखडे काढणं. ते झाडोरा जाळून राखेत बी टाकत. ज्या लोकांनी जमिनीवर नांगराची रेघ उमटू दिली नाही, त्यांच्या मुलखात देशातला सगळ्यात मोठा तांब्याचा खड्डा झाला. दळून उरलेला दगड, शंभरातला नव्व्याण्णव, गाळ होऊन बांधामागे साठत राहतो. गंधकाचा खडक उघडा पडला की हवापाण्याशी त्याचं आम्ल होतं. हे जगातल्या सगळ्या अशा खाणींचं दुखणं आहे. जवळच बंजर नदी आहे, आणि तीच पुढे कान्हाच्या जंगलाच्या कडेनं जाते. मला खाण बंद करा असं म्हणायचं नाही. काकाजींचं घर तिच्यावर चाललं, माझ्या हातातला फोन तसल्याच कुठल्या खाणीवर चालतो. मला एवढंच म्हणायचं आहे की ढगाला भेट द्यायची झाली तर ती इथं द्यावी लागते.

'लेगसी'तला खलनायक क्लू हा दुष्ट नाही. त्याला एक काम दिलेलं आहे: परिपूर्ण व्यवस्था घडव. केव्हिन फ्लिन तरुण होता तेव्हा त्यानंच ही आज्ञा दिली. मग ग्रिडमध्ये एक चमत्कार घडला. कोणी न लिहिता, कोणी न आखता काही जीव आपोआप उमटले. चित्रपटात त्यांना 'आयसो' म्हणतात. फ्लिनला ते वरदान वाटलं. क्लूला ती घाण वाटली, कारण ती आराखड्यात नव्हती, आणि त्यानं त्यांचा संहार केला. त्यातली क्वोरा ही एकटी उरते. आपण जे घडवलं त्यात आपण न घडवलेलं काही उगवलं तर त्याला जागा द्यायची की नाही, यावरच हा सगळा चित्रपट उभा आहे.

खऱ्या जगातही याचा एक सुंदर दाखला आहे. पहिल्या 'ट्रॉन'साठी काम करणाऱ्या कंपन्यांपैकी एकीत केन पर्लिन नावाचा तरुण होता. संगणकानं काढलेल्या त्या गुळगुळीत, निर्दोष आकृत्या त्याला खुपत राहिल्या. म्हणून त्यानं संगणकाला शिस्तशीर अनियमितपणा शिकवणारं एक गणित रचलं. ढगांचा, धुराचा, दगडाच्या शिरांचा, डोंगराच्या अंगावरचा खडबडीतपणा त्यानं काढता येऊ लागला. १९९७ साली त्याबद्दल त्याला ऑस्करच्या अकादमीचा तांत्रिक सन्मान मिळाला. त्यानंतर पडद्यावर जितके म्हणून कृत्रिम डोंगर उभे राहिले त्यांतल्या असंख्य डोंगरांना दगडपण त्या गणितानं दिलं. मलाजखंडच्या गारगोटीतली तांब्याची शीर हातात धरून पाहावी. ती कुठं जाड आहे, कुठं केसासारखी, कुठं मध्येच तुटून हातभर अंतरावर पुन्हा सुरू होते. २५० कोटी वर्षांपूर्वी हे कोणी आखलं नव्हतं.

वारशाबद्दल बोलताना मला बालाघाटचेच ताम्रपट आठवतात. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याचे हे ताम्रपट ५व्या शतकाच्या उत्तरार्धातले. वाकाटकांच्या लेखांचा वा. वि. मिराशींनी नागपुरात बसून आयुष्यभर अभ्यास केला, आणि १९६३ साली त्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध झाला. बालाघाटच्या ताम्रपटांची एक गोष्ट चटका लावणारी आहे. ते अपुरे आहेत. राजाचे पूर्वज ओळीनं कोरले आहेत, या राजानं बुडालेलं कुळ दोनदा वर काढलं असा त्याचा गौरव आहे, आणि तिथं कोरणाऱ्याचा हात थांबला आहे. कोणाला कोणतं गाव दिलं, ते लिहायचं राहूनच गेलं. वारसदार आहे, वंशावळ आहे, दान मात्र नाही. दीड हजार वर्षं तांब्यानं ती अपुरी ओळ सांभाळली, कोणी वीज न पुरवता.

'सत्तेचा ताम्रपट कोणी घेऊन आलेलं नाही' असं आपण सहज म्हणतो. ताम्रपट म्हणजे आपल्या भाषेत टिकाऊपणाची परमावधी, चंद्रसूर्य असेतो. आणि आज त्याच धातूच्या जाळ्यावर आपण जी स्मृती ठेवतो आहोत, तिला क्षणाक्षणाला वीज पाजावी लागते. २०२५च्या ऑक्टोबरात आलेल्या तिसऱ्या भागात, 'ट्रॉन: एरीस'मध्ये, डिजिटल जीव आपल्या जगात उतरतात खरे, पण २९ मिनिटांनी त्यांची राख होते. सगळी धावपळ त्यांना टिकाऊ करणाऱ्या एका सूत्रासाठी आहे. पडदा पाहताना मला राहून राहून त्या अपुऱ्या ताम्रपटाची आठवण येत होती.

'लेगसी'त एक छोटा प्रसंग आहे, ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. सॅम वडिलांच्या बंद दुकानात शिरतो, विजेचे खटके वर करतो, धुळीत दिवे लागतात. 'ट्रॉन' नावाच्या जुन्या खेळयंत्रात तो एक नाणं टाकतो. यंत्र ते घेत नाही. नाणं खाली पडून जमिनीवर जातं. ते उचलायला वाकल्यावर त्याला फरशीवर यंत्र सरकवल्याचे ओरखडे दिसतात, आणि यंत्रामागचं गुप्त दार सापडतं. ते नाणं म्हणजे पाव डॉलर. वरून चांदीसारखं दिसतं, पण १९६५पासून त्याचा गाभा निव्वळ तांब्याचा आहे. वजन ५.६७ ग्रॅम, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त तांबं. डिजिटल जगाचं दार उघडलं ते तांब्याचं नाणं जमिनीवर पडल्यामुळे. दिग्दर्शकाच्या मनात हे नसणारच, तरी मला ते फार खरं वाटतं. मलाजखंडच्या हिशेबानं त्या एका नाण्यामागे अर्धा किलो दगड दळावा लागतो.

काकाजी निवृत्तीनंतर गोंदियाला राहायला आले. एकदा त्यांना डोळ्यांच्या तपासणीसाठी नागपूरला नेलं होतं. वेळ उरला म्हणून अजब बंगल्यात गेलो, मध्यवर्ती संग्रहालयात. तिथं गुंगेरियाच्या वस्तू आहेत. गुंगेरिया बालाघाट जिल्ह्यातलंच गाव. १८७० साली तिथं गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून काहीतरी डोकावताना दिसलं, त्यांनी ते ओढलं. खाली तांब्याची ४२४ हत्यारं निघाली, ८२९ पौंड वजनाची, आणि चांदीचे १०२ पत्रे. भारतात एका जागी सापडलेला तांब्याचा एवढा मोठा साठा दुसरा नाही. त्यांतली काही हत्यारं लंडनला गेली, काही इथं राहिली. इतिहास लिहिला जायच्या आधी कोणीतरी ती ओतली, ठोकली आणि नीट रचून पुरली.

काचेआड चपट्या कुऱ्हाडीची पाती मांडली होती, हिरवट-तपकिरी झालेली. काकाजी चष्मा काढून काचेला नाक टेकवून उभे राहिले. पाटी त्यांनी वाचली नाही. एका पात्यावर बराच वेळ नजर ठेवून म्हणाले, "किलोभर असन हे." मग थोडं थांबून, हिशेब करून, "आपल्याकडचा क्विंटलभर दगड."